द्रौपदाबाई आणि माझं निर्दोष रक्त

द्रौपदाबाईंनी माझे हात वाचवले, हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगायचं ठेवलं, तर तोवर ऐकणारे उठून जातात आणि उपकार भलत्याच्याच नावावर चढतात. आमच्या मिलच्या वाइंडिंग खात्यात ही रीतच होती. तुटलेलं सूत बायांनी जोडायचं आणि शाबासकी खात्यावरच्या जॉबरने घ्यायची.

द्रौपदाबाई त्याच खात्यात झाडू मारायच्या. पूर्वी त्याही माझ्यासारख्या सुताला गाठी मारत. मग सांध्यांचा आजार झाला आणि दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या अंगाला कलंडली, वाऱ्याने आडव्या झालेल्या भातासारखी. झाडू मुठीत मावेना, तर त्यांनी तो काखेत धरायला सुरुवात केली. सकाळी मिलच्या गेटवर कुणी 'कशा आहात' विचारलं, की त्या दोन्ही पंजे वर करून दाखवायच्या. "बगा. धाच्या धा एका बाजूला. तुमच्या पुढाऱ्यांत हाय का एवढी एकी? संयुक्त महाराष्ट्र माझ्या हातात कवाच झालाय."

त्यांची पाठही वाकलेली होती. तिची गोष्ट त्या आपण होऊन सांगत, पाहुण्याला घर दाखवावं तशी. लालबागच्या नाक्यावर एक कंपाउंडर कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या बांधून द्यायचा. गोळी घेतली की दुखणं गायब, सूज गायब, आणि तोंड गोल गरगरीत. "जलमात मला कुणी चांदनी म्हनलं न्हवतं. त्यानं पार पुनवेचा चंद्र करून सोडला." दोन वर्षं त्या चंद्र होऊन हिंडल्या. मग एकदा पाण्याची घागर उचलताना पाठीत काहीतरी मोडलं. भाजलेला पापड बसतो तसं मणक्याचं हाड बसलं होतं. कंपाउंडरने हळहळ व्यक्त केली आणि त्याच गोळ्यांची आणखी एक पुडी पुढे केली. माणूस धंद्याला प्रामाणिक.

माझं दुखणं सुरू झालं तेव्हा माझे यजमान तुरुंगात होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडले होते. मालवणकडे सासूबाई, इथे लालबागच्या खोलीत मी एकटी, शिक्षण चौथी नापास. पोट माझ्या बोटांवर, आणि बोटं सकाळी उठल्यावर मिटायलाच तयार नसायची. स्टोव्हवर पाणी कोमट करून त्यात हात बुडवून बसायचं, तेव्हा कुठे ती दहा वाजता कामाला लागत. मिल सातला लागायची. त्यामुळे आमची नाईकीण, म्हणजे बायांवरची मुकादम, माझ्यावर फार प्रेम करायची. नवरा जेलात आराम करतोय म्हणून हिलाही आराम हवाय, असं ती खातंभर सांगत असे.

मिलच्या डॉक्टरने माझं रक्त तपासायला पाठवलं. मेंढीच्या रक्तात आपलं रक्त घालून बघतात म्हणे. गुठळ्या झाल्या तर सांध्यांचा आजार, नाही झाल्या तर नाही. माझ्या रक्ताने एकही गुठळी केली नाही. डॉक्टरने मला अभिनंदन केल्यासारखं सांगितलं की रक्त निर्दोष आहे, तेव्हा उद्यापासून वेळेवर यायचं, आणि पुन्हा खाडा झाला तर नाव कमी होईल. त्याचं बोलणं चालू असताना माझे हात टेबलावरच होते, मनगटं कणसासारखी सुजलेली. पण कागद समोर असताना हाताकडे कोण बघतो.

चाळीत ही बातमी माझ्याआधी पोचली. शेजारच्या ताराकाकूंनी तर निदानही केलं. कामाचा कंटाळा. मलाही तसंच वाटू लागलं, हे खरं. मोठा शिकलेला माणूस म्हणतोय काही नाही, तर नसेलच काही. आपणच दुखवून घेत असू.

द्रौपदाबाईंना हे सांगितलं तर त्या झाडू टेकवून कापसाच्या कोंड्यात खाली बसल्या. "माझं रगत मेंढराच्या रगतासंगं पन भांडतं, सुले. तुझं नांदतं. सासरी नांदून नांदून सवय लागली आसंल त्येला." मग म्हणाल्या, की त्यांचे हात बघून ज्या बाईने आजाराचं नाव सांगितलं होतं, तिच्याकडे जाऊ. ती परळच्या इस्पितळातली डॉक्टरीण होती. द्रौपदाबाईंची पाठ तिनेच बघितली होती आणि पुडीवाल्या कंपाउंडरला तिथे बसूनच चार शब्द ऐकवले होते, ही त्यांच्या मते तिची मोठी पदवी.

डॉक्टरणीने रक्ताचा कागद वाचला, बाजूला ठेवला आणि माझं एकेक बोट दाबलं. मी ओरडू नये म्हणून जीभ चावून धरली होती. ती म्हणाली की काही बायांचं रक्त असं स्वच्छच राहतं आणि आजार तरीही आत काम करत असतो. हाडांची एक्स-रे प्लेट काढू, हाडं काय म्हणतात ते बघू. मला एवढंच कळलं, की मी खोटारडी नाही असं म्हणणारं एक माणूस मुंबईत आहे.

प्लेट काढणाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि बांगड्या काढायला सांगितल्या. बघायची ती बारीक हाडं मनगटातच, आणि काचेच्या रेघा नेमक्या त्यांच्यावर येणार. दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. कासाराने भरला तेव्हा हात बारीक होते. आता सांध्यांच्या गाठींवरून एकही बांगडी उतरेना. साबण लावला, खोबरेल लावलं. काढायच्या तर फोडूनच.

नवरा तुरुंगात. गोळीबाराच्या बातम्या कानांवर अजून ताज्या. अशा वेळी बाई आपल्या हाताने चुडा फोडते? बांगडी पिचली तरी आमच्याकडे 'वाढवली' म्हणतात, फुटली असं तोंडातून काढत नाहीत. मी त्या माणसाला म्हटलं, यजमान सुटले की येते. तो म्हणाला, या, आम्ही इथेच आहोत. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि आता सगळं संपलं, नोकरीही गेली, असं मनात ठरवून टाकलं.

द्रौपदाबाई शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "नवरा कवा सुटनार?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"आन हाडं तवर थांबत्यात म्हनली का?"

मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"हिकडं आन हात. मी फोडते. तू न्हाई फोडायच्या. पाप लागलं तर मला लागंल. आन आमी तर आता बुद्धाचं झालो, देव सोडलं. कोप करायला माझ्या घरी कुनी ऱ्हायलंच न्हाई."

काच लागू नये म्हणून त्यांनी आपल्या लुगड्याचा पदर माझ्या मनगटाभोवती गुंडाळला. जेवणाचा पितळी डबा बोटांनी धरता येईना, तर दोन्ही पंजांत दाबून धरला आणि त्याच्या कडेने हळूहळू एकेक बांगडी फोडली. मी डोळे मिटून घेतले होते. प्रत्येक आवाजाला मला तुरुंगाचं दार दिसत होतं. शेवटची फुटली तेव्हा त्यांनीच काचा पदरात गोळा केल्या. त्यांच्या बोटाला रक्त आलं होतं. त्याकडे बघत म्हणाल्या, "ह्ये बग, भांडखोर. वाईच जागा मिळाली की आलंच भायेर."

प्लेटमध्ये माझ्या मनगटाच्या हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या निघाल्या. डॉक्टरणीने लिहून दिलं की बैठं काम द्यावं, नाहीतर हात जातील. मिलच्या डॉक्टरने प्लेट खिडकीकडे धरून बघितली आणि माझ्यावरच रागावला, की एवढं होतं तर आधी का नाही सांगितलंस. मला सुताचे शंकूसारखे कोन कागदात गुंडाळायचं काम मिळालं. पगार थोडा कमी, पण नाव पटावर राहिलं.

मला झटपट बरं करणाऱ्या पांढऱ्या गोळ्याच हव्या होत्या. डॉक्टरीण म्हणाली, त्या अगदी अडल्यावर आणि तिच्या नजरेखालीच. गोळ्यांनी सूज उतरते, पण आजाराने आधीच विरळ झालेली हाडं आणखी पोखरली जातात. द्रौपदाबाई मला म्हणाल्या, "डॉक्टरणीचं नको ऐकूस. माझ्या पाठीवर हात फिरव, पाठच सांगंल." मग मला सोन्याची इंजेक्शनं सुरू झाली. औषधात खरंच सोनं असतं हे ऐकून त्या इतक्या हसल्या की बाक हलला. "गळ्यात घालायला गुंजभर न्हाई, आन ढुंगनात टोचायला सोनं. सरकारला ठावं हाय का?"

चाळीत माझे मोकळे हात बघून ताराकाकूंनी तोंडाला पदर लावला. नवरा तिकडे, आणि ही इथे विधवा होऊन बसली, म्हणाल्या. यजमान सुटून येईपर्यंत मी घास गिळला तो भीतीबरोबरच. ते आले, दाढी वाढलेली, निम्मे झालेले. दारातच त्यांची नजर माझ्या मनगटांवर गेली. मी सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात हातात घेऊन विचारलं, "दुखतं का फार?" ताराकाकू दारातच होत्या. त्यांना बहुधा दूध उतू जात असल्याचं आठवलं.

द्रौपदाबाईंच्या हाडांनी मात्र त्यांना फार दिवस दिले नाहीत. महाराष्ट्र झाला, रोषणाई झाली, आणि त्याच पावसाळ्यात चिंचपोकळीच्या चाळीत नळावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात हाड जुळेना. अखेर मुलाने गावी, साताऱ्याकडे न्यायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी मी गेले. सून सामान बांधत होती आणि द्रौपदाबाई खाटेवर केस मोकळे सोडून पडल्या होत्या. हात डोक्यापर्यंत पोचत नव्हते. मी फणी घेतली. माझी बोटंही आता पूर्वीची नाहीत, भांग काढता काढता फणी दोनदा पडली. त्यांनी आरसा मागितला, बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो भांग साताऱ्याला निगालाय का सोलापूरला?"

मी हसले आणि रडलेही. त्या म्हणाल्या, "रडतीस कशाला? गावाकडं ये. सरळ काढून दाव."

अजून जाणं झालेलं नाही. रजा मागायची म्हटलं की 'नाव कमी होईल' हेच कानांत वाजतं. पण द्रौपदाबाई, मी येणार आहे. फणी माझीच आणीन, आणि भांग सरळ निघेपर्यंत तुमच्या उशाशी बसून राहीन, तुम्ही काय वाटेल ते बोला.