ओबी बांधणारे यादवराव

हात्सुएबाईंचा कमरपट्टा माझ्यामुळे सुटला. भुवया उंचावू नका, ऐकून घ्या. फोटो नीट यावा म्हणून मी दोन पावलं मागं सरलो, तो जमिनीवर लोळणाऱ्या पट्ट्याच्या टोकावरच उभा राहिलो. त्याच क्षणी यादवरावांनी पलीकडून हिसका दिला. मी आडवा. पडता पडता आधाराला धरला तोही पट्टाच. बाईंच्या कमरेचे सगळे वेढे उलगडून माझ्या अंगावर! कम्युनिटी क्लबातला पडदा उघडायला दहा मिनिटं होती.

"अंकल, हलू नका लाह!" यादवरावांची नात दीक्षा किंचाळली.

हात्सुएबाई अठ्ठ्याहत्तरच्या. तरुणपणी क्योतोत गेइशा होत्या. नाचगाणं आणि शामिसेन नावाचं तंतुवाद्य यांत आयुष्य गेलं. हल्ली इथं सिंगापुरात, सेम्बावांगला लेकीकडे राहून पोरींना नाच शिकवतात. आजचा त्यांचा शेवटचा नाच, कारण गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. पट्टा, म्हणजे ओबी, चांगला साडेचार मीटर. तो सैल पडला की नाच तिथंच थांबला. आणि संधिवातानं बाईंची स्वतःची बोटं वळत नाहीत.

यादवराव मूळचे नागपूरचे. अठ्ठावीस वर्षं शिपयार्डात दोर आवळले. नातीला क्लासला सोडायचे आणि बाकावर पेंगायचे. एकदा बाईंची ओबीशी चाललेली झटापट बघवेना, तेव्हा उठून म्हणाले, "सरका." घरी बेबीवहिनी म्हणाल्या, "माझ्या साडीची कधी घडी घातली नाहीत ती!" पण बाईंनी सांगितलं, क्योतोतही गेइशांना ओबी बांधायला पुरुष येतात, जोर लागतो. तेव्हापासून यादवराव छाती काढून चालतात.

आता मात्र घाम पुसत होते.

"पुरेल का हो वेळ?" मी विचारलं.

"तू भिंतीला चिकट." मग बाईंकडे वळून अस्सल मराठीत, "श्वास सोडा!"

बाईंनी सोडला. यादवरावांनी दात-ओठ खात ओढलं. सहा मिनिटांत काम फत्ते.

बाई नाचल्या. पंखा फिरला, त्या बसल्या, उठल्या, गर्रकन वळल्या. लोक पंखा पाहत होते. विंगेत आम्ही तिघं श्वास रोखून पाठीवरची गाठ. ती तसूभर हलली नाही. टाळ्या थांबेनात, तेव्हा बाईंनी विंगेकडे वळून यादवरावांना वाकून नमस्कार केला. यादवराव इतके वाकले की चष्मा पडला.

आणि टाळ्यांनी गुडघ्यांचं मन वळवलं म्हणा, बाईंनी माइकवर जाहीर केलं: डिसेंबरात पुन्हा नाचणार!

मी उत्साहानं पुढं झालो. "यादवराव, डिसेंबरात मी काय मदत करू?"

"घरी बस."