‘मॅडम, चार्जर चालूच होत नाही!’

किस्से गोळा करावे लागत नाहीत. ज्या खात्याला वरचे साहेब निकामी समजतात तिथे ते आपोआप साचतात. आमच्या शेडमध्ये तर इतके साचलेत की ते गाड्यांत भरले असते तर एकाही गाडीत पाहुण्याला जागा उरली नसती!

देवनहळ्ळीच्या पुढे एक गोल्फ रिसॉर्ट आहे. तिथे पाहुण्यांना फिरवायला बॅटरीवर चालणाऱ्या बारा गाड्या, आणि शेडच्या भिंतीवर ओळीने बारा चार्जर. या सगळ्याची मी सुपरवायझर. मी मूळची सांगलीची, नवऱ्याच्या सरकारी नोकरीमागे बेंगळुरूला आले आणि राहिले. माझ्या हाताखाली दोनच माणसं. शंकरअण्णा मेकॅनिक, त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडेच, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी कानडी, ‘ठीक’ला ते ‘सरी’ म्हणतात. आणि मंजुळाक्का, बॅटऱ्यांत पाणी भरणारी, कानडीशिवाय दुसरी भाषा न बोलणारी आणि कुणाला न घाबरणारी.

आम्हाला दिवसातून एकदा तरी एक वाक्य ऐकायला मिळतंच. “मॅडम, चार्जर चालूच होत नाही!”

*

एकदा आमचे जीएम मेहरा साहेब स्वतः शेडमध्ये आले. “तीन चार्जर एक साथ डेड! ये क्या मेंटेनन्स है?”

अण्णा उठले. चार्जरकडे बघितलंसुद्धा नाही. वायर हाताने धरून तिच्या मागे मागे चालत गेले, भिंतीच्या पलीकडे, थेट साहेबांच्या नव्या मीटिंग रूमपर्यंत. तिथे आमचा प्लग उपटून कॉफीचं मशीन लावलं होतं.

अण्णा म्हणाले, “साहेब, तुमी कॉफी स्वल्प कमी प्या, चार्जर सरी होईल!”

साहेब हसले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

*

एका लग्नाच्या गडबडीत एक गाडी आठवडाभर लॉनच्या मागे दिवे चालू ठेवून तशीच राहिली. आणून चार्जरला लावली, तर चार्जर ढिम्म! कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “नवीन चार्जर घ्या, मॅडम.”

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेऊन कट केला.

“ताई, हा चार्जर आधी बॅटरी हाय की न्हाई ते बघतो. बॅटरी पार रिकामी असली तर त्याला वाटतं कुणी नाहीच. दारात माणूस दिसला नाही तर कडी कोण काढणार?”

मग त्यांनी एका जुन्या छोट्या चार्जरने प्रत्येक बॅटरीला वेगवेगळा थोडा थोडा करंट पाजला. दोन तासांनी मोठा चार्जर पुन्हा लावला. आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि दिवा लागला.

मी इंजिनिअरिंग शिकलेली बाई. लाज वाटली, खोटं कशाला सांगू! अण्णा मात्र मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्यासमोर कंपनीला परत फोन लावला आणि म्हणाले, “चार्जर नको. तुमीच घ्या!”

*

आणि मग ती मीटिंग झाली. मेहरा साहेबांनी जाहीर केलं की शेड बंद करायची, सगळं काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं. मंजुळाक्का लॉन्ड्रीत. अण्णा गेटवर, सॅल्यूट मारायला. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला माणूस, ज्याने या गाड्यांचा एकेक स्क्रू हाताने फिरवलाय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याच्या मागोमाग राग.

अण्णा शांतपणे म्हणाले, “गेटवर उभा राहतो, साहेब. पण गाडी बंद पडली आणि कुणी हाक मारली, तर मी गेट सोडणार नाही. ड्युटी म्हंजे ड्युटी!”

मी म्हटलं, “सर, गेटला दोन बाजू असतात. दुसऱ्या बाजूला मी उभी राहते.”

साहेब जरा चपापले. शेवटी म्हणाले, “ठीक है. एजन्सी टेस्ट करेगी. आधे से ज्यादा चार्जर डेड निकले, तो शेड बंद.”

*

टेस्टच्या आधी एजन्सीने आपल्या स्मार्ट चार्जरचा डेमो ठेवला. साहेब पुढच्या खुर्चीत. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही!

मंजुळाक्का उठली, किचनमध्ये गेली आणि वाटीत खायचा सोडा घेऊन आली. त्यांनी डेमोसाठी आणलेल्या बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला होता. तिने वायर सोडवली, सोड्याच्या पाण्याने तो थर घासला, पुसला, वायर पुन्हा घट्ट आवळली. चार्जर चालू!

एजन्सीचा माणूस पुटपुटला, “हे क्लिनिंग मटेरिअल कुठलं?”

अण्णा म्हणाले, “भज्यातलं.”

*

टेस्टला आला अद्वैत, एजन्सीचा इंजिनिअर. मूळचा पुण्याचा, बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहायला येऊन दोन महिने झालेले. माझं आणि अण्णांचं बोलणं ऐकून एकदम खूश झाला. “वा! इथे सगळे मराठीच आहेत की!”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, “मॅडम, प्लीज. रिपोर्ट होईपर्यंत शेडच्या कुणी माझ्याशी बोलायचं नाही. निष्पक्ष राहायला हवं.”

बरं, म्हटलं.

आत ॲसिडचा वास येतो म्हणून तो बाहेर झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसला. मंजुळाक्काने आत जाऊन ओळीने एकेक चार्जर लावायचा, आणि काय झालं तेवढंच ओरडून सांगायचं, असं ठरलं.

आता कानडीत करंट आला की म्हणतात ‘बंतु’. आणि गेला की म्हणतात ‘होय्तु’.

आतून आवाज आला, “बंतु!”

अद्वैत मान हलवत म्हणाला, “हं. बंद.” आणि टाइप केलं.

“बंतु!”

“हाही बंद!”

मला तिथेच कळलं. अण्णांनाही कळलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. पण निष्पक्ष राहायचं होतं ना! मी चहा ओतून घेतला.

आठ वेळा बंतु झालं. नववा चार्जर आला आणि मंजुळाक्का कंटाळून ओरडली, “होय्तु!”

अद्वैतचा चेहरा उजळला. “होय? चला, एक तरी चालू निघाला!”

पुढचे तीन पुन्हा बंतु.

तासाभरात मेहरा साहेब हातात रिपोर्ट घेऊन शेडमध्ये आले, मागे अद्वैत. साहेब मोठ्याने वाचत होते. “बारह में से ग्यारह डेड! सिर्फ नंबर नौ वर्किंग, एक्सलंट कंडिशन!”

आणि ते थांबले. समोर भिंतीवर अकरा दिवे लागले होते. अकरा चार्जर गुणगुणत होते. गप्प होता तो एकटा नऊ नंबर.

साहेबांनी रिपोर्टकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, अद्वैतकडे बघितलं.

“सर, मी नीट ऐकलंय,” अद्वैत म्हणाला. “हा नऊ नंबरच बेस्ट आहे.”

“खोलो इसको,” साहेब म्हणाले.

मंजुळाक्काने पुढे होऊन नऊ नंबरचं झाकण उघडलं. आत ना कॉइल, ना फ्यूज, ना एक वायर. होता तो तिचा तीन पुडांचा जेवणाचा डबा, आणि शेजारी लोणच्याची बाटली.

मग अण्णांनी घसा खाकरला.

“रिपोर्ट सरी आहे, साहेब. हा चालूच आहे. रोज एक वाजता उघडतो!”