आत्याचा दगडीपाला

माझ्या बायकोच्या आत्याइतकं दुसऱ्याच्या रक्ताकडे आशेनं डोळे लावून बसलेलं माणूस अख्ख्या लालबागमध्ये झालं नसेल. कुणाचं वाईट व्हावं असं तिला चुकूनही वाटत नसे. फक्त थोडंसं खरचटावं, एवढीच माफक अपेक्षा. कारण चाळीमागच्या बंद गिरणीच्या भिंतीला लागून दगडीपाला उगवायचा. शेवंतीच्याच घराण्यातला, पण गरीब शाखेतला. लांब दांडीवर इवलंसं पिवळं फूल, आणि कितीही उपटला तरी पुन्हा हजर. त्याचा पाला चुरगळून जखमेवर पिळला की रक्त थांबतं, ही आत्याची श्रद्धा. तिच्या धास्तीनं चाळीतल्या पोरांनी गुडघे फोडणं सोडलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत दाढी करताना मला कापलं, तर "जावईबापू, हलू नका!" म्हणत ती आनंदानं धावली, आणि हिरव्या हनुवटीनं मी दिवसभर आरत्या म्हटल्या. "डॉक्टर वेगळं काय करतो? वर चार गोष्टी ऐकवतो," असं म्हणत तिनं मला आठ ऐकवल्या.

पुढे एकदा गिरणीच्या त्या भिंतीलगत पेव्हर ब्लॉक बसवायला माणसं आली. चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन मधोमध जाऊन बसली. बायकोनं मला तिला आणायला पिटाळलं.

"मावशी, रान आहे ते. उठा ना," मुकादम वैतागून म्हणत होता.

"आम्ही पण कोकणातल्या रानातूनच आलो रे. आम्हाला पण उपटतोस?"

रागानं त्यानं स्वतःच एक जुनी फरशी उचकटली आणि तिच्या धारेनं त्याचा तळहात चिरला. आत्या उठली. तिच्या चेहऱ्यावर नेहमीचा आनंद नव्हता. हाताला लागतील तेवढी झाडं तिनं मुळासकट उपटली, पाला चोळून रस पिळला, माझा रुमाल बांधला आणि म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन पण घे."

मुकादम ओशाळला. "मावशी, एक कोपरा सोडतो."

"नको. साहेब तुला ओरडेल."

जिना चढताना मी म्हटलं, "आत्या, गावाहून आणू. कुंडीत लावू." ती कठडा धरून थांबली. दमली की ती मालवणीवर येई.

"गावाक बांधार ढीगभर आसा हो. पण थंय आता खरचटूक तरी कोण उरलो?"

पुढच्या वर्षी आत्या गेली. तिचं घर उघडायला आम्ही दोघं गावी गेलो. बांधभर ती पिवळी फुलं होती आणि वाडीतल्या सातांपैकी पाच घरांना कुलपं. बायको किल्ली शोधत होती; मी उगाच बांधावर बसून राहिलो.