सत्तावीस अंशांची खोली

मनिषा गेणू मारकड. जन्म २००१, पळसदेव, तालुका इंदापूर. बारामतीच्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश २०२२. पदवी २०२४ साली मिळायची, ती २०२५ साली मिळाली. मधले वर्ष तिच्या आळसाने गेले नाही, हे आरंभीच नमूद करणे योग्य.

तिचे वडील गेणू एके काळी मेंढरे राखीत. आता भिगवणला मासळीच्या वजनकाट्यावर असतात. अभ्यासक्रम विनाअनुदानित, त्यामुळे सारे शुल्क विद्यार्थ्यांच्याच माथी. पावतीवर प्रयोगशाळा शुल्क वेगळे, प्रयोगशाळेची अनामत वेगळी. प्रयोगशाळा मात्र वेगळी नव्हती. ती रसायनशास्त्राची, पर्यावरणवाल्यांना मिळे गुरुवारी आणि शुक्रवारी.

मनिषाचा प्रबंध उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यावर होता. पळसदेवच्या काठचे पाणी काचेच्या बाटलीत हवाबंद करायचे, तापमान स्थिर राखणाऱ्या यंत्रात सत्तावीस अंशांवर अंधारात तीन दिवस ठेवायचे आणि त्यातला किती प्राणवायू खर्च झाला ते मोजायचे. खर्च जितका जास्त, तितके पाणी घाण. उन्हाळ्यात पाणी सर्वांत खाली जाते आणि घाण दाटते, म्हणून मे महिन्याचा आकडा हा प्रबंधाचा कणा. गुरुवारी ठेवलेली बाटली रविवारी निघणार. आणि शनिवारी दुपारी कार्यालयाच्या आदेशाने प्रयोगशाळेचा मेन स्विच बंद होई. सोमवारी ती यंत्राचे दार उघडी, तेव्हा आतल्या तापमापकावर अडतीस अंश असत. मे २०२४ मधले दोन नमुने असे वाया गेले.

ती मुख्य लिपिक दादासो यांच्यासमोर उभी राहिली.

"प्रयोगशाळेची फी घेतली, तर प्रयोगशाळा दिलीच की," दादासो म्हणाले. "गुरुवार, शुक्रवार. वेळापत्रकात आहे."

"भाऊसाहेब, पाण्याला रविवारची सुट्टी नसते."

"मग तसा अर्ज करू दे पाण्याला. आवकमध्ये घेतो."

अर्ज तिने केला. आठ दिवसांनी तो शेरा घेऊन परतला: विभागप्रमुखांमार्फत यावे. विभागप्रमुखांचे पद दोन वर्षे रिक्त होते.

तिचे मार्गदर्शक अविराज सर तासिका तत्त्वावर होते. त्यांचे मानधन चार महिने थकलेले. त्यांनी कपाटातून जुना प्रबंध काढून तिच्यापुढे सरकवला.

"मागच्या बॅचचे आकडे आहेत. पॉइंट दोन, पॉइंट तीन इकडंतिकडं कर आणि मोकळी हो."

"सर, ते पाणी दुसऱ्या वर्षाचं आहे."

"वाचणार कोण आहे, मनिषा?"

"मी वाचलाय की."

सरांनी जुना प्रबंध परत कपाटात ठेवला. मग त्यांनी प्राणवायू मोजण्याची रसायने एका खोक्यात भरून दिली. त्यातली दोन त्यांनी स्वतः विकत आणलेली होती.

सत्तावीस अंशांची, वीज न जाणारी खोली मनिषाच्या माहितीत एकच होती: कळंबला, तिच्या आत्याच्या घरी. गोजरबाई आत्या रेशमाच्या अळ्यांचे चॉकी केंद्र चालवतात. अंड्यातून निघालेल्या अळ्या पहिले दहा दिवस तिथे वाढतात, मग शेतकऱ्यांना दिल्या जातात. खोलीला कूलर, हीटर, इन्व्हर्टर सारे आहे. दारात ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची परात. त्यात पाय बुडवल्याशिवाय कोणी आत जात नाही.

"तंबाखू खाल्लेल्या पावण्याला मी उंबऱ्यावरनं परत धाडते," आत्या म्हणाल्या. "आन् तू धरणाची घाण घिऊन आलीस?"

"बाटलीला बूच हाय, आत्या. वारं सुद्धा आत जात न्हाय."

"तीन दिस म्हंजी तीनच दिस. त्या कोपऱ्यात ठिव, काळ्या फडक्यात."

रविवारी गेणूंच्या दुचाकीवर बसून ती कळंबला पोचली आणि ओट्यावर बसून तिने पहिली बाटली तपासली. उरलेला प्राणवायू सुरुवातीपेक्षा जास्त आला. असे होऊ शकत नाही. हात चुकला असेल, म्हणून तिने दुसरी बाटली घेतली. तोच प्रकार. तेव्हा तिला काचेवरची लखलखीत चमक दिसली.

"आत्या, बाटल्या धुतल्या का गं?"

"धुनारच की. हितं चाळणीपास्नं चाकूपत्तुर समदं धुऊनच आत जातं."

"वरनंच ना?"

"वरनं धुऊन काय व्हतंय? बुचं काढली, कडा पुसल्या, थोडं ब्लीचिंगचं पानी आत बी सोडलं. माज्या साठ हजार अळ्या हायत तितं. येक मेली की समद्या जात्यात."

आत्यांनी आपल्या धंद्याच्या शिस्तीने जे करायचे तेच केले होते. ज्या जंतूंनी प्राणवायू खर्च करायचा, ते पहिल्याच दिवशी मेले, आणि ब्लीचिंगमधल्या क्लोरीनने मोजणीतला आकडा उलट फुगवला. मनिषाने बाटल्या मोरीत ओतल्या. गेणू म्हणाले, "पुन्यांदा भर की." पण पुढच्याच आठवड्यात वरच्या अंगाने पाणी सुटले, फुगवटा चढला आणि त्या वर्षीचा उन्हाळा तिच्या हातून गेला.

प्रबंधात मे महिन्याचा रकाना तिने कोरा ठेवला आणि खाली दोन ओळींत कारण लिहिले. कोरा रकाना असलेला प्रबंध कार्यालयाने स्वीकारला नाही. खोटा आकडा लिहिला असता तर तो त्याच टेबलावरून मुकाट पुढे गेला असता, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने प्रबंध उचलला आणि घरी नेला.

मे २०२५ मध्ये तिने नमुने पुन्हा घेतले. बाटल्या बाहेरून आत्यांसमोर पुसल्या आणि प्रत्येक बुचावर मेण ओतले. "मेन कशाला? सांगितलं असतंस तर हात लावला नसता," असे आत्या आजही सुनावतात. आकडा लिटरमागे सहा पूर्णांक आठ मिलिग्रॅम आला. जुन्या प्रबंधातल्या आकड्याच्या तो दुप्पट होता.

पुनर्नोंदणीचे शुल्क तिने भरले. त्यात प्रयोगशाळा शुल्क पुन्हा होते, आणि त्या वर्षी ती प्रयोगशाळेत एकदाही गेली नव्हती. ते परत मागणारे तिचे पत्र अनुत्तरित आहे. अविराज सर नोकरी सोडून गेले. त्यांच्या दोन बाटल्या रसायनांचे पैसे तिने त्यांना पाठवले, ते त्यांनी परत केले. अनामत रक्कम महाविद्यालयाकडेच आहे. ती घेण्यासाठी कामाच्या दिवशी स्वतः जावे लागते. मनिषा आता इंदापूरच्या एका खासगी पाणी-तपासणी केंद्रात कामाला आहे, आणि तिथे एका दिवसाच्या रजेला जेवढा पगार कापतात, त्याहून ती अनामत थोडी कमीच भरते.