खिशातला हात

माझी धाकटी बहीण माणसांची मनं वाचायचं शिकायला गेली, तेव्हा नात्यात कुजबूज झाली की ही वेड्यांच्या दवाखान्यात लागणार. लागली ती पत्र्याच्या कारखान्यात. फार फरक नाही म्हणा. मी सातवी पास, त्याच कारखान्याची बस चालवतो, आणि नुसतं आरशात बघून सांगतो कोण घरी भांडून आलंय. नजर आमच्या घरातलीच, कॉलेजात तिला फक्त शिक्का मिळाला.

तिचं काम एवढंच, कामावर कुणाला इजा होऊ नये. आधी हे काम मॅनेजरसाहेब स्वतः करायचे, पाट्या लावून. पाटी वाचता वाचता एकजण पायरी चुकला, तर साहेबांनी पायरीवरही पाटी लावली. मग त्यांनी आणखी डोकं चालवलं. ज्या खात्यात वर्षभर अपघात नाही, तिथं प्रत्येकाला मिक्सर. दुसऱ्या दिवसापासून अपघात बंद. मशिनांनासुद्धा मिक्सर हवा असावा.

फक्त पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचा मिस्त्री बसमध्ये उजवा हात खिशात घालून बसायला लागला. उतरतानाही दांडा डाव्या हातानं धरायचा. मी घरी येऊन सांगितलं.

"मी विचारलं त्याला," धाकटी म्हणाली. "म्हणतो, दारात बोट चेमटलं. खरं बोलला तर अख्ख्या खात्याचे मिक्सर जातात, मग त्याच्याशी बोलेल कोण? पण दादा, कुठलं मशीन ते कळत नाही, आणि ते चालूच आहे. उद्या कुणाचा तरी पंजा जाईल."

जेवणात तिचं लक्ष नव्हतं. जरा बरं वाटावं म्हणून मी उतारावर ब्रेक गेले तेव्हा बस कशी वाचवली ते सांगायला घेतलं. तिनं मधेच थांबवलं.

"दादा, हे तू कुणी न विचारता का सांगतोस?"

"सांगण्यासारखं आहे म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ताट पुसून जेवली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिनं अपघाताचं नावच काढलं नाही. म्हणाली, "सगळ्यात थोडक्यात कोण वाचलंय? त्याला चहा माझ्याकडून."

क्रेनवाला लगेच सरसावला. "हूक असा डोक्यावरून गेला, केस विंचरले गेले माझे."

"आहेत कुठं?" हमाल म्हणाला.

मग एकेकाला कंठ फुटला. शेवटी पॅकिंगवाला मिस्त्रीकडे बघून म्हणाला, "प्रेसवाल्यांचं बरंय. बसून काम. यांना कशातून वाचायचंय?"

मिस्त्रीनं डाव्या हातातला ग्लास खाली ठेवला आणि खिशातला हात बाहेर काढला. दोन नखं काळी, एका बोटाला चिंधी.

"कोपऱ्यातली प्रेस बटण न दाबता खाली येते. मी हात ओढला म्हणून एवढ्यावर भागलं. तू असतास तर आज चहा दुसऱ्यानं पाजला असता तुला."

"माझ्यावरही आली होती," त्याचा जोडीदार हळूच म्हणाला.

धाकटीनं तिथल्या तिथं प्रेस बंद करायला लावली. आतली स्प्रिंग झिजून गेली होती. खात्याचे मिक्सर अर्थातच गेले. साहेबांना मिक्सरांचंच जास्त वाईट वाटलं. "आता यांचं करू काय?" म्हणाले.

"जो धोका आधी सांगेल त्याला एक द्या," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी मिस्त्री मांडीवर मिक्सर घेऊन बसमध्ये बसला. चिंधीवाला हात मुद्दाम खोक्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा. त्याचं खातं त्याच्याशी बोलत होतं, शिव्याच देत होतं, पण बोलत होतं.

धाकटी माझ्या मागच्या सीटवर होती.

"कॉलेजची फी उगाच भरली आपण," मी म्हणालो. "खरं शिक्षण घरीच झालं तुझं."

"रोज तास होता, दादा. सुट्टी नव्हती."

पुढं उतार लागला. मी नवीन लोकांना ब्रेकची गोष्ट सांगायला घेतली.