उलटं चढलेलं पत्रक

तोमिएच्या घरात पाणी शिरायची ती तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा ती चिडली. तिसऱ्या वेळी चिडली नाही, पेटली.

जपानातल्या तोरिनोकी गावच्या त्या बोळात घरं सात. वरच्या अंगाला मोठा पाट, तिथनं बोळाच्या कडेनं एक चारी खाली येते, वर लोखंडी जाळ्या घातलेली. हिवाळाभर बोळ ह्या चारीच्या जिवावर जगतो. सकाळी सात ते सात चाळीस आणि दुपारी चार ते चार चाळीस, एवढी बोळाची पाण्याची पाळी. पाटाचं दार उचललं की सातही घरं जाळ्या बाजूला करून दारातला बर्फ सुपाएवढ्या फावड्यानं चारीत लोटतात, आणि पाणी तो नदीला नेऊन घालतं. पाळी संपली की पाणी पुढच्या बोळाला. मग चारीत चिमूटभर बर्फ टाकायचा नाही, कारण कोरड्या चारीत पडलेला बर्फ बसतो, बसून दगड होतो, आणि पुढच्या पाळीचं पाणी त्याला अडून रस्त्यावर येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर बर्फाच्या भिंती. मधला रस्ता म्हणजे पन्हळच. पन्हळीच्या तोंडाशी तोमिएचं घर.

बाकीच्यांचे उंबरे उंच. तिचा खाली. त्याच्याही दोन पायऱ्या खाली तिची उबेची खोली, सासऱ्यानं स्वतःच्या हातानं खोदलेली. तोमिए कोजीवाली. खेड्यापाड्यातली शेतकरी मंडळी हिवाळ्यात आपल्या शेतातला तांदूळ तिच्याकडं आणून टाकतात. ती तो वाफवते, त्याच्यावर पांढरी बुरशी धरवते, तीन दिवस ऊब देऊन बाळंतिणीसारखा जपते, आणि तयार झालेला कोजी पोत्यात भरून परत देते. तो उकडलेल्या सोयाबीनमध्ये मिठाबरोबर कालवला की घराचा वर्षाचा मिसो, रोजच्या कालवणातला तो खारा आंबवलेला गोळा, घातला. ऊब मोडली की सगळं मेलं. मग तो तांदूळ डुकरालाही घालू नये.

बाविसाव्या वर्षी डोंगरातल्या गावातनं ती लग्न होऊन इथं आली. सासूनं पहिल्याच दिवशी तिचा हात वाफवलेल्या भातात खुपसला आणि विचारलं, "किती गरम?"

"गरम हाय."

"गरम तर माझं डोस्कंबी हाय. किती?"

ते 'किती' शिकायला तिला सहा हिवाळे लागले. नवरा कियोजी अकरा वर्षांपूर्वी पोटाच्या दुखण्यानं गेला. पोरगा सेन्दाईत गाड्या विकतो आणि फोनवर म्हणतो, आई, घर काढून टाक आणि इकडं ये. ती म्हणते, यीन की, बर्फ वितळला की. बर्फ दरसाल वितळतो, ती काही जात नाही. आता त्र्याहत्तरीला आली. आवाज चढवणं तिला कधी जमलं नाही. सासूच्या हाताखालची माणसं आवाज गिळायला शिकतात.

आता चारीत अवेळी बर्फ कोण टाकतं, हे सातही घरांना ठाऊक होतं. सगळ्यात वरचं घर, नुमाझावा हेडसर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सरच. दारात तीन मोटारींची जागा. सकाळी सातला उठून फावडं मारणं त्यांना झेपत नाही, म्हणून नऊ वाजता एक मशीनवाला येतो आणि सगळा बर्फ उडवून कोरड्या चारीत भरून जातो. निम्म्या बोळाला सरांनी शिकवलेलं. त्यामुळं हे दिसायचं सगळ्यांना, पण कुणी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा तोमिए स्वतः पहार घेऊन वर गेली आणि दीड तास खपून तो दगड फोडला. सरांनी खिडकी उघडली. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा बोळ चाललाय," म्हणाले, आणि मिठाईचा पुडा दिला. तिनं तो घरी आणून फळीवर ठेवला. अजून उघडलेला नाही.

दुसऱ्यांदा ती बोळाच्या प्रमुखाकडं गेली. प्रमुख म्हणजे तोगाशी, विजेच्या सामानाचा दुकानदार. त्यानं पत्रक काढलं. पत्रक म्हणजे पाटीला अडकवलेला कागद. वरच्या घरापासनं खालच्या घरापर्यंत हातोहात फिरतो, वाचला की ज्यानं त्यानं सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. कागदावर लिहिलं होतं: 'अलीकडे काही ठिकाणी ठरलेल्या वेळेबाहेर बर्फ टाकला जात असल्याचे आढळते. आपण सारे एकमेकांची काळजी घेऊया.' खाली वाकून नमस्कार करणारा बर्फाचा बाहुला. पहिला शिक्का सरांचा, ओळंब्यात मारल्यासारखा सरळ. पत्रक तोमिएकडं शेवटी आलं. तिनंही शिक्का मारला आणि तोगाशीला परत दिलं. त्यानं ते फाइलीत लावलं.

तिसऱ्यांदा पाणी शिरलं ते थेट उबेच्या खोलीत. कोसुगे म्हणून एक शेतकरी, त्याच्या दोन पोत्यांचा तांदूळ तबकांमध्ये पसरलेला, दुसरा दिवस, बुरशी नुकती धरत होती. सगळा मेला. तोमिए त्याच्या अंगणात जाऊन गुडघ्यांवर बसली. तो आत गेला. मग आतनं एक पोतं ओढत आणलं.

"खायचा म्हणून ठेवला होता, मावशी. ह्याच्या मागं काही न्हाई. आमची म्हातारी म्हणती, दुकानचा मिसो खाण्यापरीस मीठ चाटीन."

ते पोतं आता तिच्या खोलीत होतं. त्याचाही दुसरा दिवस. आणि त्या सकाळी नऊ वाजता वरनं मशीनचा आवाज आला.

ती हातातलं फडकं टाकून बाहेर आली. वरच्या जाळ्यांवर बर्फाचा फवारा पडत होता. चारला दार उचलणार, सव्वाचारला पाणी तिच्या पायऱ्या उतरणार. सात तास.

ती तोगाशीकडं गेली.

"काढतो की नवीन पत्रक," तो म्हणाला. "बाहुला मोठा घालू का?"

"नाव घाल."

"कुणाचं?"

तोगाशीनं काउंटरवरचे बल्ब सारखे केले.

"नाव कसं घालायचं, काकू? सरांनी शिकवलंय मला."

"मग शिकलास काय?"

तिनंच पाटी उचलली. तिच्यावरच्या एका जुन्या कागदाच्या पाठीवर त्याच्याच ब्रशपेनानं लिहिलं: 'नऊ वाजता कोरड्या चारीत बर्फ टाकतात ते वरचं घर, नुमाझावा. तीन वेळा माझ्या घरात पाणी. चारच्या आत फोडा.' जाताजाता तिला खिळ्याला टांगलेली लोखंडी दांडी दिसली, पाटाचं दार उचलायच्या चाकाची. ती तिनं एप्रनमध्ये खोचली. तोगाशी म्हणाला, अहो. तोवर ती बाहेर.

पत्रक वरनं खाली फिरतं, खालचा माणूस शेवटी वाचतो आणि विषय संपतो. तोमिएनं ते खालनं वर न्यायला घेतलं. एकेका दारात उभी राहून, शिक्का डोळ्यांदेखत मारून घेत.

न्हाव्याची चिएको कागद वाचून मागंच सरली. "सरांचं नाव? कागदावर? बाई गं."

"पाणी माझ्यात शिरतं ते दिसतं का तुला?"

"दिसतं की. लई वाईट वाटतं."

"वाटू दे. शिक्का मार."

"पण कशाचा? वाचलं म्हणून का पटलं म्हणून?"

"आजवर कशाचा मारत होतीस?"

पुढच्या घरात म्हातारा घरी नसल्याचं सोंग करून बसला. रेडिओ एकाएकी बंद झाला आणि पडद्याखाली पायमोजे दिसत राहिले. तोमिए बसली दारात. घटकाभरानं पायमोजे बाहेर आले. त्यानं शिक्का उलटा मारला. "म्हंजे कसं, मारला असंबी म्हणता येतंय, न्हाई असंबी."

असं करत मधली पाचही घरं झाली, तोगाशीचंसुद्धा. कुणी बोललं नाही की तू खोटं लिहिलंस. सगळे एवढंच म्हणाले की असं लिहीत नसतात.

साडेतीनला ती सरांच्या दारात पोचली. सरांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला.

"लेखी नाव घालणं ही आपल्याकडची पद्धत नाही, तोमिएबाई."

"दुसऱ्याच्या घरात पाणी घालणं हाय?"

"तो मशीनवाला टाकतो. मी त्याला तिथं टाक असं कधी सांगितलेलं नाही."

"टाकू नको असं सांगितलंय?"

सरांनी कागद पाटीवर सरळ केला. डबी उघडली, शिक्का घेतला आणि ओळंब्यात मारला. शाईवर फुंकर घातली. "वाचलं. या ना, चहा घ्या." मागं त्यांची बायको मित्सु उभी होती, कमरेत वाकलेली, हातात पुसायचं फडकं.

तोमिएनं कागदाकडं बघितलं. सहा लाल शिक्के. बाहेर चारीत दगड होता तिथंच होता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आवाज गिळला नाही.

"सर, तुमच्या शिक्क्यानं माझं जोतं कोरडं राहत न्हाई. चारच्या आत फोडा. न्हाईतर पाणी कुणालाच न्हाई."

ती तिथनं निघाली ती सरळ पाटावर जाऊन चाकाच्या कठड्यावर बसली. दांडी मांडीवर.

चारला माणसं फावडी घेऊन बाहेर आली. जाळ्या निघाल्या, पाणी आलं नाही. तोगाशी धावत वर आला. "काकू, दांडी द्या. चाळीस मिनिटंच हायत. चार चाळीसला पुढच्या बोळाचा माणूस पाणी वळवणार."

"मग हितं काय करतोस? त्यांना सांग."

तोगाशीनं सरांच्या दाराकडं बघितलं आणि आपल्या बुटांकडं बघितलं. चिएकोचा नवरा खालनं ओरडला की माझ्या गिऱ्हाईकानं आत कसं यायचं. पायमोजेवाला म्हातारा म्हणाला, म्हातारपणी डोकं फिरतंच एखाद्याचं. सगळे तोमिएला बोलत होते. सरांचं दार आठ पावलांवर. तिकडं तोंड करून एकही शब्द कुणी उच्चारला नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली. चार दहा.

दार उघडलं. मित्सु बाहेर आली. शहात्तर वर्षांची बाई, नवऱ्याचे रबरी बूट घातलेली, हातात पहार. कुणाकडं न बघता ती जाळी सारून चारीत उतरली आणि त्या दगडावर पहार घातली. एकदा, दोनदा. मांडीभर खाली गेलेली, वाकलेली, एवढीशी दिसत होती.

सर पायरीवर आले. "अगं, हे काय, लोक बघतायत."

"बघू देत," मित्सु म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

सरांना चहा घेता येईना आणि उभंही राहता येईना. शेवटी उतरले. पहार धरायची कुठं हे त्यांना ठाऊक नव्हतं. न्हाव्यानं येऊन दाखवलं, मग तोच लागला, मग तोगाशी. बर्फाचे तुकडे बाहेर पडले. चार अठ्ठावीसला चारी मोकळी झाली. तोमिएनं दांडी बसवली आणि दार स्वतः उचललं.

बारा मिनिटांचं पाणी. बारा मिनिटांत कुणाचं अर्धं दारसुद्धा साफ झालं नाही. पण पाणी चारीतनं गेलं, तिच्या घरावरनं खाली, नदीकडं.

मित्सुचे गुडघ्यापर्यंत कपडे भिजले होते. तोमिए तिच्याजवळ गेली. नमस्काराला वाकली.

"आभार मानू नका," मित्सु म्हणाली. "नऊ वाजता मशीन येतं तेव्हा मी घरातच असते." आणि पहार ओढत आत गेली.

तोमिएचा राग तेवढ्यानं उतरायला हवा होता. उलट चढला. सात घरांतले धडधाकट बाप्ये उभे असताना, चारीत पहिल्यांदा उतरावं लागलं ते त्या वाकलेल्या बाईला.

तोगाशी दांडी मागायला आला. तोंड आंबट. "उद्या बैठक बोलवायला लागणार, काकू. आज पाणी अडवलं गेलं. पत्रक काढतो."

"काढ. 'काही ठिकाणी' लिहिणार का?"

"न्हाई. तुमचं नाव घालायला लागंल. सगळ्यांनी बघितलंय."

"माझं घालता येतंय व्हय?" तोमिए म्हणाली. तिनं दांडी त्याच्या हातात दिली. "घाल. आणि फिरवताना खालनं सुरुवात कर. पहिला शिक्का मी मारते."

मग ती उतार उतरून घरी गेली. कोसुगेचा तांदूळ हलवायची वेळ टळत होती.