आम्ही नावाड्याच्या पक्षाचे

आमच्या सायकल ग्रुपात दोन पक्ष आहेत. एक नावाड्याच्या बाजूचा, दुसरा त्याच्या विरोधातला. नावाडी म्हणजे युरोपातल्या मोठ्या शर्यतींत पळणारा एक धंदेवाईक सायकलपटू. त्याचं खरं नाव आमच्यात कुणालाच धड उच्चारता येत नाही. चांगलं मिसरूड फुटेपर्यंत तो होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारायचा, पाठ दुखावली म्हणून सायकलवर आला आणि आता घाटात भल्याभल्यांना मागं टाकतो.

त्याच्या शर्यती आपल्याकडे संध्याकाळी दिसतात. त्या बघायला आम्ही सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आमच्यातल्याच एका टॉवेलवाल्यांच्या कारखान्यात जमतो. भिंतीपलीकडे माग चालू असतात, त्यामुळे टीव्हीवरचं समालोचन ऐकू येत नाही. ते आम्हीच करतो. माझं पोट आणि चढ आला की सायकल हातात धरून चालण्याची माझी पद्धत बघता मला त्यातलं काही बोलायचा अधिकार नाही. पण क्रिकेटवर बोलताना तो कोण बघतो?

विरोधी पक्षाचे नेते म्हणजे आमचे कॅप्टन, दातांचे डॉक्टर. नावाडी वळणावर पडला की त्यांचा चेहरा खुलतो.

"पायात ताकद आहे, मान्य," ते म्हणायचे. "पण घोळक्यात चालवणं लहानपणापासून अंगात मुरावं लागतं. दुसऱ्या खेळातनं आलेला माणूस हितं पाहुणाच."

"व्हय की," टॉवेलवाले म्हणायचे. "आणि पाहुणा घरच्यांना मागं टाकून चाललाय, ते पण बघा की डॉक्टर."

हा वाद माझ्यासाठी चहाबरोबरच्या खाऱ्या शेंगदाण्यांसारखा होता. मग तो माझ्या घरात शिरला.

आमची लेक शाळेपासून खो-खो खेळायची. गुडघ्यानं दगा दिला आणि खेळ सुटला. व्यायाम म्हणून तिला सायकल सांगितली. माझी सायकल बाल्कनीत टॉवेल वाळवण्याच्या कामी होतीच. थोड्याच दिवसांत ती मला मागं टाकू लागली. यात कौतुक नाही, मला दूधवालाही मागं टाकतो. पण नंतर ती इतरांनाही टाकू लागली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "पप्पा, मी सायकल शर्यतीच्या निवड चाचणीला जाणार." चाचणीत घोळक्यातून पळायचं असतं. तो सराव एकटीनं होत नाही आणि आमच्या ओळखीत घोळका एकच, डॉक्टरांचा.

म्हणून ती रविवारी आमच्याबरोबर येऊ लागली. आम्ही एकामागं एक, चाकाला चाक लावून चालवतो. पुढचा वारा खातो, बाकीचे त्याच्या आडोशाला. एका रविवारी ती डॉक्टरांच्या मागं होती. डॉक्टर दमले होते, बाजूला होत नव्हते. लेकीनं काय करावं? इतक्या वर्षांची सवय. तिनं त्यांच्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि म्हणाली, "खो."

आता डॉक्टरही शाळेत खो-खो खेळलेले. पाठीवर खो बसला की उठायचं आणि दिशा धरून पळायचं, हे त्यांच्याही रक्तात. ते पेडलवर ताडकन उभे राहिले, उजवीकडे वळले आणि थेट ज्वारीत गेले. कोपर खरचटलं. डॉक्टर कणसांतून बाहेर आले तेव्हा हसायचं नाही हे मला कळत होतं. पण माझं पोट माझं ऐकत नाही, ते हललंच.

पुढच्या बैठकीत निकाल लागला. टीव्हीवर नावाडी एकटाच पुढं निघाला होता आणि लेक माझ्या शेजारी बसली होती.

"तू घोळक्यात नको," डॉक्टर तिला म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नको बाळ. वर्षभर एकटी चालव, मग बघू."

"चाचणी पुढच्या महिन्यात हाय काका."

"मग पुढच्या वर्षी. ह्याचंच बघ," त्यांनी टीव्हीकडे हात केला. "घोळक्यात जमत नाही म्हणून पुढं पळतोय."

"मग मी पण पुढंच पळते की," लेक म्हणाली. "परवा तुमची वर्षाची बार्शीची राइड हाय. मी जरा आधी निघते. बार्शीपर्यंत मला धरून दाखवा. नाही धरलं तर चाचणीपर्यंत घोळक्यात घ्यायचं."

डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. एकटा माणूस वाऱ्याशी भांडतो आणि घोळका आळीपाळीनं दम खातो, हे टीव्ही बघणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मी तिला घरी तेच समजावलं. ती म्हणाली, "तुमी कुठल्या पक्षाचे?" मी भाकरी मोडली.

रविवारी ती आमच्या थोडी आधी निघाली. वैरागच्या पुढं आम्हाला ती दिसायला लागली. मान खाली, खांदे हलत होते. दमली होती. डॉक्टर ओरडत होते, एकेक जण पुढं जाऊन जोर लावत होता आणि अंतर कमी होत होतं. मी नेहमीसारखा शेवटी, सगळ्यांच्या आडोशाला. मग माझी पाळी आली. इतक्या वर्षांत मी पाळी कधी घेतली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. त्या दिवशी मी आपणहून पुढं गेलो. अरुंद रस्त्याच्या मधोमध आलो आणि जमेल तितकं हळू चालवायला लागलो. त्यासाठी मला फारसे कष्ट पडले नाहीत.

"अहो, सरका," डॉक्टर मागून म्हणाले.

"वारा खातोय डॉक्टर."

"वारा कसला खाताय, वाट खाताय आमची. हे काय खेळणं झालं का?"

"नावाड्याचे टीमवाले हेच करतात की," टॉवेलवाले मागून म्हणाले. "तवा तर तुमी म्हणता, काय डोकं लावलंय. आता डोकं सोलापूरचं हाय म्हणून वंगाळ व्हय?"

डाव्या बाजूनं ट्रॅक्टरची रांग थांबलेली, समोरून एसटी. ती जाईपर्यंत मला कुणी ओलांडू शकलं नाही. लेक पुन्हा ठिपका झाली.

बार्शीत ती आमच्या आधी पोचली आणि एका हॉटेलाबाहेर पायरीवर बसली होती. डॉक्टर सायकलवरून उतरले. माझ्याकडे बघायचं टाळत तिला म्हणाले, "जिंकलीस. ये रविवारपासून."

मी छाती पुढं काढली. म्हणजे पोटच निघालं. तेवढ्यात टॉवेलवाल्यांनी तिला सगळी हकीकत सांगितली. तिचं तोंड उतरलं.

"तुमाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?" ती मला म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "काका, हे धरू नका. आपण जाताना परत करू. वैरागपर्यंत."

परतताना आम्ही दरवर्षी सायकली टेंपोत टाकतो आणि वर आपण बसतो. सगळ्यांनी पाय चाचपले. पण डॉक्टरांना नाही म्हणता येईना. मला तेवढं टेंपोत बसवलं, ड्रायव्हरच्या शेजारी, सायकलसकट.

काचेतून मी सगळं बघितलं. वैराग यायच्या बऱ्याच आधी त्यांनी तिला धरलं. मला वाटलं, आता ती थांबेल, रडेल. ती थांबली नाही. घोळका बाजूनं गेला तशी ती शेवटच्या चाकामागं लागली आणि तिथंच राहिली. मग एकेक करून पुढं सरकत डॉक्टरांच्या मागं आली. डॉक्टरांनी एकदा मागं वळून बघितलं. हरलेल्या माणसानं घोळक्यात यायचं नाही, असं काही त्यांना म्हणायचं असावं.

ती बाजूनं पुढं गेली, वारा अंगावर घेतला आणि चालवत राहिली. डॉक्टरांनी थोडा वेळ तिच्यापासून अंतर ठेवलं. मग दमले आणि तिच्या चाकामागं, आडोशाला आले.